परिचयपत्रांतील एक ओळ

जून महिना लागला व परीक्षांचे निकाल हातीं आले, कीं शहरांतील अनेक घरांत एक कागद तयार होऊं लागतो. त्याला कोणी परिचयपत्र म्हणतो, कोणी बायोडाटा. नोकरीच्या अर्जाला तो जोडावा लागतो. पुढील शिक्षणासाठीं प्रवेश मागतांनाही पुष्कळदां तो पाठवावा लागतो. या कागदाचा वरचा भाग चटकन् भरून होतो. नांव, जन्मतारीख, शाळा, महाविद्यालय, गुण यांत विचार करण्यासारखें कांहीं नसतें; जें आहे तें लिहावयाचें. परंतु खालीं एक मथळा येतो : 'अभ्यासेतर उपक्रम व समाजकार्य.' येथें मात्र हात थांबतो.

असेंच एक घर डोळ्यांपुढें आणावें. वडील बँकेंत कारकून आहेत, आई घरीं शिवणकाम करते आणि मुलगी यंदा वाणिज्य शाखेची पदवीधर झाली आहे. मुलगी कागद घेऊन बसलेली पाहून वडील कपाटांतून एक जाडी फाईल काढतात. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा, तिसरींतील पाठांतर स्पर्धा, आंतरशालेय वक्तृत्व, एका रविवारचें स्वच्छता अभियान, संगणकावर घरबसल्या दिलेल्या प्रश्नमंजूषांचीं पांच-सहा प्रमाणपत्रें, असा त्या फाईलींत कित्येक वर्षांचा संचय आहे. "हीं सगळीं लिही," वडील म्हणतात. मुलगी म्हणते, "बाबा, यांतल्या निम्म्या ठिकाणीं मीं काय केलें तें मलाच आठवत नाहीं. मुलाखतींत कोणी विचारलें तर काय सांगूं?" वडिलांना राग येत नाहीं, त्यांना भीति वाटते. शेजारच्या मुलाचें परिचयपत्र दोन पानें भरलेलें त्यांनीं पाहिलें आहे, आणि आपल्या मुलीचें एक पानही भरणार नाहीं म्हणून ती मागें पडेल, ही ती भीति आहे.

या लहानशा संवादांत आजच्या हजारों घरांची चिंता सांठविली आहे. वडिलांची चिंता खोटी नाहीं, आणि मुलीची शंकाही खोटी नाहीं. तेव्हां परिचयपत्राचा हा खालचा भाग मागतो तरी कोण, कशासाठीं मागतो, आणि तो प्रामाणिकपणें भरीव कसा करतां येतो, याचा थोडा विचार करणें उपयुक्त होईल.

गुणपत्रिका एक गोष्ट चांगली सांगते. ठराविक अभ्यासक्रम, ठराविक दिवस व तीन तासांचा अवधि दिला असतां विद्यार्थी एकट्यानें काय करूं शकतो, तें तिच्यावरून कळतें. परंतु कचेरींत, कारखान्यांत, रुग्णालयांत किंवा शाळेंत माणसाला एकट्यानें तीन तास बसून उत्तरें लिहावयाचीं नसतात. तेथें त्याला चार माणसांबरोबर जमवून घ्यावें लागतें. कोणी पाहत नसतांना काम पुरें करावें लागतें. मोडलेला बेत पुन्हां उभा करावा लागतो. आणि दिलेला शब्द महिनेच्या महिने पाळावा लागतो. हे गुण गुणपत्रिकेंत मावत नाहींत. ते कोठें तरी दिसावेत म्हणून ही जागा कागदावर ठेवलेली असते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचें उदाहरण घ्यावें. तिच्या अंतिम निकालासाठीं २०२५ गुण धरले जातात. त्यांपैकीं १७५० लेखी परीक्षेचे व २७५ व्यक्तिमत्त्व चांचणीचे, म्हणजेच मुलाखतीचे असतात. उमेदवाराला जो सविस्तर अर्ज भरावा लागतो त्यांत पारितोषिकें, सांघिक खेळ, राष्ट्रीय छात्रसेना, शाळा-महाविद्यालयांत सांभाळलेलीं जबाबदारीचीं पदें आणि छंद यांची विचारणा केलेली असते. मुलाखतीच्या वेळीं मंडळाच्या सदस्यांपुढें ही माहिती असते, आणि कित्येक प्रश्न तिच्यांतूनच निघतात. ज्यानें बागकाम हा छंद लिहिला त्याला मातीविषयीं विचारलें जाणार, आणि ज्यानें गडभ्रमण लिहिलें त्याला गडांवरील पाण्याच्या टांक्यांविषयीं विचारलें जाणार, हें उघड आहे. म्हणजे परिचयपत्रांत लिहिलेली प्रत्येक ओळ हें परीक्षकाला स्वतः होऊन दिलेलें प्रश्नाचें निमंत्रण होय. तीस ओळी लिहिणारा उमेदवार तीस दारें उघडीं टाकतो, आणि त्यांतील किती दारांच्या आंत खरोखर कांहीं आहे, हें परीक्षकाला दोन प्रश्नांत समजतें.

परदेशांतील रीतही याहून निराळी नाहीं. अमेरिकेंतील शेंकडों महाविद्यालयांसाठीं 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' नांवाचा जो सामाईक अर्ज चालतो, त्यांत उपक्रमांसाठीं दहाच जागा ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनास शब्दांमधील मोकळी जागा धरून अवघीं १५० अक्षरचिन्हें मिळतात. तेथें फाईलभर प्रमाणपत्रांना मुळीं वावच नाहीं. थोडक्यांत, पण खरें व नेमकें सांगतां आलें पाहिजे.

आतां साधनांकडे वळावें. आपल्याकडे विद्यार्थ्याला समाजाच्या कामांत घालणाऱ्या व्यवस्था नवीन नाहींत. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ पासून चालू आहे. तिचें 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणींत मिळविलेल्या पदवीधराला, वयाच्या व गुणांच्या अटी पुऱ्या होत असल्यास, भूदलांत अधिकारी होण्यासाठीं विशेष प्रवेशाचा मार्ग खुला असतो. त्यांत लेखी परीक्षा द्यावी लागत नाहीं, मात्र निवड मंडळाच्या मुलाखतीची कसोटी कोणालाही चुकत नाहीं. राष्ट्रीय सेवा योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिच्यांत स्वयंसेवकानें दर वर्षीं १२० प्रमाणें दोन वर्षांत २४० तास काम करावयाचें असतें, आणि दत्तक घेतलेल्या खेड्यांत किंवा वस्तींत सात दिवसांचें एक विशेष शिबिर पुरें करावयाचें असतें. वर्षाला १२० तास हा आंकडा ऐकून पालक दचकतात. पण हिशेब केला तर आठवड्याला सवादोन-अडीच तासांहून तो अधिक होत नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचे, हेंच येथेंही खरें.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामधील भिंत काढून टाकण्याचा विचार मांडला. पाठोपाठ २०२३ मध्यें आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानें ३० तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक असें माप ठरवून, खेळ, कला, समाजसेवा यांसारख्या कामांनाही त्या मापांत जागा दिली. धोरणाचा हेतु चांगला आहे. तथापि माप आलें कीं मापांत पाप करण्याचा मोहही येतो, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवलें पाहिजे.

त्या मोहाचें एक टोंक अमेरिकेनें पाहिलें. मार्च २०१९ मध्यें तेथें प्रवेशाच्या लबाडीचें एक मोठें प्रकरण उघडकीस आलें. धनिक पालकांनीं एका प्रवेश-सल्लागाराला मोठ्या रकमा दिल्या होत्या, आणि जीं मुलें तो खेळ कधीं खेळलींही नव्हतीं, त्यांना नामांकित विद्यापीठांपुढें पट्टीचे खेळाडू म्हणून उभें करण्यांत आलें होतें. त्यासाठीं कांहीं ठिकाणीं छायाचित्रेंही बनविण्यांत आलीं. अनेक पालकांना तुरुंगवास भोगावा लागला, आणि त्या सल्लागाराला जानेवारी २०२३ मध्यें साडेतीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडील मध्यम स्थितींतील कुटुंबें इतक्या दूर जात नाहींत. पण एक दिवस झाडू हातांत धरून छायाचित्र काढावें व 'पर्यावरण रक्षणाचें कार्य' अशी ओळ लिहावी. ओळखीच्या माणसाकडून न केलेल्या कामाचें पत्र घ्यावें. शुल्क भरून 'नेतृत्व' नांवाचें प्रमाणपत्र मिळवावें, हीं त्याच वाटेचीं पहिलीं पावलें होत. मुलाला त्यांतून पहिला धडा मिळतो तो असा, कीं काम करणें व काम केलेलें दाखविणें यांत दुसरेंच महत्त्वाचें. हा धडा एकदां मुरला, कीं पुढें तो कोणत्याही कचेरींत गेला तरी त्याच्याबरोबर जातो.

मग विद्यार्थ्यानें करावें तरी काय? पहिली गोष्ट, पुष्कळ कामांत हात घालण्याऐवजीं एक किंवा दोन कामें निवडावींत आणि तीं निदान दोन वर्षें धरून ठेवावींत. पहिल्या वर्षीं तो सांगितलेलें करतो. दुसऱ्या वर्षीं काय करावयास हवें तें त्याला स्वतःला दिसूं लागतें, आणि खरें नेतृत्व तेथूनच सुरू होतें. अध्यक्ष, सचिव हीं नांवें मिळालीं नाहींत तरी कांहीं बिघडत नाहीं. पुण्यांत १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेंत प्रेक्षकांच्या टाळ्या रंगमंचावरील नटांना मिळतात. पण जो विद्यार्थी पडद्यामागें राहून सामान वेळेवर लावतो व वेळेवर उचलतो, त्याच्यावांचून प्रयोग उभा राहत नाहीं. ठरलेल्या मिनिटांत वीस जणांना हलविणें ही लहानसहान विद्या नव्हे. ती त्यानें संकोच न करितां लिहावी.

दुसरी गोष्ट, काम शक्यतों जवळचें निवडावें. गल्लींतील गणेशोत्सव मंडळाचें पावतीपुस्तक सांभाळणें, देणग्यांची रोजच्या रोज नोंद ठेवणें, मंडपाचा व विजेचा खर्च जमेशीं ताडून पाहणें, आणि शेवटीं हिशेब लेखापरीक्षकापुढें मांडणें, हें वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कोणत्याही पुस्तकापेक्षां अधिक शिकवितें. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें ओढ्याच्या पाण्याची दर महिन्याला नोंद ठेवावी. भाषेची आवड असलेल्यानें सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग चालवावा. अंध विद्यार्थ्यांसाठीं पुस्तकें वाचून ध्वनिमुद्रित करावींत किंवा परीक्षेंत त्यांचा लेखनिक व्हावें. यांपैकीं एकाही कामाला पैसा लागत नाहीं. लागतो तो नियमितपणा.

तिसरी गोष्ट फार साधी, पण बहुतेकांकडून राहून जाणारी आहे. कामाची एक टांचणवही ठेवावी. तारीख, किती तास, किती माणसें, काय ठरविलें होतें, काय झालें, काय फसलें, एवढें त्या त्या दिवशीं चार ओळींत लिहून टाकावें. दोन वर्षांनीं परिचयपत्र लिहावयास बसल्यावर स्मरणाला ताण द्यावा लागत नाहीं, आणि फुगवून लिहिण्याची गरजही उरत नाहीं. 'समाजसेवेची आवड' ही ओळ वाचून वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कांहींच येत नाहीं. त्याऐवजीं 'दोन वर्षें दर शनिवारीं दोन तास, वस्तींतील सहावीच्या नऊ मुलांना अंकगणित. त्यांपैकीं सात जण वर्षअखेर अपूर्णांकांचीं उदाहरणें स्वतः सोडवूं लागले' ही ओळ वाचावी. हिच्यांत एकही विशेषण नाहीं. तरी काळ, काम, माणसें व फळ हीं चारही आहेत. उरलेल्या दोघांचें काय झालें, असें परीक्षकानें विचारलें, तर त्याचेंही उत्तर वहींत आहे. आणि तें उत्तर देतांना विद्यार्थ्याचा जो चेहरा दिसतो, तोच पाहण्यासाठीं मुलाखत असते. हातच्या कांकणाला आरसा लागत नाहीं.

कागदाच्या मांडणीविषयींही दोन शब्द आवश्यक आहेत. नुकत्याच शिक्षण संपविलेल्या विद्यार्थ्याला एक पान पुरतें. अलीकडचें काम वर, जुनें खालीं, असा क्रम ठेवावा. प्राथमिक शाळेंतील बक्षिसें गाळावींत. तीं आजीच्या कौतुकासाठीं आहेत, मालकाच्या माहितीसाठीं नव्हेत. ज्या जागेसाठीं अर्ज करावयाचा, तिला जवळचें काम आधीं सांगावें. ज्यांच्या देखरेखीखालीं काम केलें त्यांना आधीं विचारून मगच त्यांचें नांव द्यावें. आणि कागद पाठविण्यापूर्वी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारावें, 'यावर पांच मिनिटें बोलतां येईल काय?' येत नसेल तर ती ओळ खोडावी.

येथें एक रास्त शंका निघते. ज्या मुलाला सकाळीं वर्तमानपत्रें टाकावीं लागतात, किंवा ज्या मुलीला कॉलेजांतून परत येऊन अंथरुणाला खिळलेल्या आजीचें करावें लागतें, त्यांनीं शिबिरांना केव्हां जावें? त्यांचा कागद कोराच राहावयाचा काय? तसें मुळींच नाहीं. हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागांतील एका प्रकल्पानें २०१६ मध्यें प्रवेशपद्धतीविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत निदान एक वर्ष टिकणाऱ्या सेवाकार्याचा आग्रह धरलाच आहे. पण त्याबरोबर असेंही सुचविलें आहे कीं, घरच्यांची शुश्रूषा करणें आणि कुटुंबासाठीं मिळवितें होणें यांचीही उपक्रमांइतकीच कदर व्हावी. महाराष्ट्राला हें तत्त्व नवें वाटण्याचें कारण नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना दाखविला. श्रम करून शिकणें ही लपवावयाची गोष्ट नसून अभिमानानें सांगावयाची गोष्ट आहे, हें त्या मार्गानें शिकविलें. आजही पुण्याच्या विद्यापीठांत त्यांच्या नांवानें ही योजना चालू आहे. 'तीन वर्षें पहाटे वर्तमानपत्रांचें वाटप' ही ओळ पहाटेच्या झोंपेवर मिळविलेल्या विजयाची ओळ आहे, आणि जाणता वाचणारा ती वाचून थांबल्यावांचून राहत नाहीं.

आतां या सर्व विचारांत ज्यांचा बहुधा विसर पडतो, त्यांच्याकडे पाहिलें पाहिजे. समाजकार्याची ओळ विद्यार्थ्याच्या परिचयपत्रांत जाते. पण तें कार्य ज्यांच्यांत घडतें तीं माणसें कागदाबाहेर राहतात. वस्तींतील देवळाच्या ओट्यावर शनिवारीं चार वाजतां नऊ मुलें पाट्या-पुस्तकें घेऊन बसतात. शिकवावयास येणारी ताई सहा आठवडे येते, छायाचित्रें निघतात, प्रमाणपत्र मिळतें, आणि सातव्या शनिवारीं ती येत नाहीं. मुलें पांच वाजेपर्यंत वाट पाहतात. आठव्या शनिवारीं पांच मुलें येतात, नवव्या शनिवारीं दोन. त्यानंतर दुसरा कोणी कळवळ्यानें शिकवावयास गेला, तरी मुलें पूर्वीसारखीं धांवत येत नाहींत. कारण मोठीं माणसें येतात आणि जातात, हें तीं शिकून चुकलेलीं असतात. अर्धवट सोडलेली सेवा ही न केलेल्या सेवेपेक्षां कधीं कधीं वाईट ठरते ती अशी. म्हणून ज्याला दोनच महिने देतां येण्यासारखे असतील त्यानें तसें आरंभींच सांगावें, दोन महिन्यांत पुरें होईल असेंच काम घ्यावें, आणि जातांना तें दुसऱ्याच्या हातीं नीट सोंपवून जावें. 'काम कोणाच्या हातीं दिलें?' हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. पण ज्याच्यापाशीं त्याचें उत्तर आहे, त्याच्या परिचयपत्रांतील ओळ इतरांपेक्षां निराळी उमटते.

पुन्हां त्या घरांत जावें. रात्रीचे दहा वाजले आहेत. फाईल अजून मेजावर उघडी आहे. आई शिवणयंत्र थांबवून विचारते, "अग, दोन वर्षें तूं शनिवारीं त्या पोरांना शिकवावयास जात होतीस, तें लिहिलेंस काय?" मुलगी म्हणते, "तें सेवा योजनेचें काम होतें, आई; सगळ्याच मुली करतात." आई म्हणते, "सगळ्या मुली परीक्षेच्या महिन्यांत गेल्या नव्हत्या. आणि माझ्या शिवणाचा जमाखर्च गेलीं तीन वर्षें कोण लिहितें? कापडवाल्याकडून राहिलेले पैसे त्या वहीमुळेंच परत मिळाले ना?" वडील नकळत म्हणून जातात, "पण त्याचें प्रमाणपत्र कोठें आहे?" आणि म्हणतां म्हणतांच स्वतः हंसतात, कारण त्या जमाखर्चाची वही समोरच्या फडताळांत आहे, आणि तिच्या प्रत्येक पानावर मुलीचें अक्षर आहे.

मुलगी दोन ओळी लिहिते. एक शनिवारच्या वर्गाची. तींत आतां तो वर्ग धाकट्या वर्गांतील दोन मुली चालवितात, हेंही ती नोंदविते. दुसरी आईच्या व्यवसायाच्या हिशेबाची. एलिमेंटरीचें प्रमाणपत्र, पाठांतराचें बक्षीस, प्रश्नमंजूषांचे रंगीत कागद हे पुन्हां फाईलींत जातात; त्यांचा अपमान होत नाहीं, त्यांची जागा तेथेंच आहे. पान पूर्ण भरलेलें नाहीं. खालीं चार बोटें जागा मोकळी राहिली आहे. वडील तिच्याकडे क्षणभर पाहतात, कांहीं बोलणार असें वाटतें, पण बोलत नाहींत. ते ती जाडी फाईल बांधतात आणि कपाटांत ठेवून देतात.

नोकरी तिला पहिल्याच अर्जाला मिळेल असें कोणीही सांगूं शकणार नाहीं. परिचयपत्र हें दार ठोठावण्याचें साधन आहे. दार उघडणें हें पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतें. परंतु दार उघडलें आणि कोणी त्या दोन ओळींवर बोट ठेवून 'हें काय?' असें विचारलें, तर तिला पाठ केलेलें उत्तर द्यावें लागणार नाहीं. तिला फक्त देवळाचा ओटा आठवावा लागेल, नऊ मुलांचीं नांवें आठवावीं लागतील, आणि जें घडलें तें सांगावें लागेल. ज्या घरांतील मुलें अद्याप आठवी-नववींत आहेत, त्या घरांनीं प्रमाणपत्रांची फाईल जाड करण्यापूर्वी एवढी एक ओळ मुलांना खरोखर जगावयास मिळेल अशी सवड त्यांच्या आठवड्यांत काढून ठेवावी. लिहिण्याची वेळ आली म्हणजे ती ओळ शोधावी लागणार नाहीं.